बेबाक्का नावाचं पान

बियाण्याला रविवार नसतो. बाराव्या दिवशी सरकीची मोजणी करायची म्हणजे करायची, मग तो बारावा दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येवो नाहीतर दिवाळीत. म्हणून २००८ सालच्या त्या रविवारी बेबीनंदा जालन्याच्या एमआयडीसीत, बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. सुट्टीमुळे पलीकडच्या रोलिंग मिलची धडधड बंद होती. ओल्या कागदाचा आणि बियाण्याला चोळायच्या औषधाचा वास खोलीत भरून राहिला होता.

काम नेहमीचंच. कागदाची एकेक गुंडाळी उलगडायची, कोंब मोजायचे आणि रजिस्टरात चार आकडे लिहायचे. धड उगवलेले, वेडेवाकडे उगवलेले, मेलेले आणि कडक. कडक म्हणजे उगवलेलं नाही, पण मेलंय असंही छातीठोक सांगता येत नाही, असं बी.

साडेदहाच्या सुमाराला तातेराव काकांचा फोन आला.

"बेबी, देवा तुमच्याकडं आलाय का?"

"न्हाई. तुमच्याकडंच हाय की, पोळ्याला आल्ता ना."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता.

"गाडी काठावर हाय गं. चपला हायत. गोदावरीला लई पाणी चढलंय..."

बेबीनंदानं हातातली गुंडाळी पूर्ण मोजली, आकडे लिहिले आणि मगच ती उठली. पुढे कितीतरी दिवसांनी साहेबांनी ती नोंद तिच्यासमोर धरली. शंभर बियांची बेरीज एकशे एक भरत होती.

आठ दिवस नावा फिरल्या. घनसावंगीच्या बाजूनं, पलीकडच्या काठानं, खाली थेट पुलापर्यंत. देवानंद सापडला नाही.

देवानंद तिचा धाकटा भाऊ. तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला शाळेत घातलं ते बेबीनंदानंच. आता तिच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो तिला शिकवत होता. रजिस्टरातली मोजणी कुठूनही पाहता येईल असं काहीतरी स्वतः बनवावं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पायथन नावाची भाषा आणि तिच्यावर उभा केलेला जँगो नावाचा तयार सांगाडा, एवढ्यावर ते होतं, असं तो म्हणायचा. आपला जुना लॅपटॉप त्यानं तिला आणून दिला होता. घरात इंटरनेट नव्हतं. त्याची गरजही नव्हती. शिकताना हाक मारणारा आणि ओ देणारा एकाच पेटीत बसतात.

हे शब्द त्याचेच.

"बेबाक्का, लई अवघड न्हाई," तो फोनवर सांगायचा. बेबाक्का तिला दुसरं कुणी म्हणत नसे. "ब्राउझर हाक मारतो, सर्व्हर ओ देतो. सगळा खेळ इतकाच. लॅपटॉपवरच्या त्या काळ्या खिडकीत हरेक हाकेची एक ओळ उमटती. कधी आली, कुणाच्या नावानं आली. ओ मिळाली तर दोनशे."

"आणि न्हाई मिळाली तर?"

"चारशे चार. म्हंजे या नावाचं हितं कुणी राहत न्हाई. आन् शेवटचा आकडा म्हंजे उत्तर किती अक्षरांचं हाय ते."

पहिल्यांदा तिनं सर्व्हर चालू केला तेव्हा एका हाकेला दोन ओळी आल्या होत्या. तिनं घाबरून त्याला फोन लावला. तो किती वेळ हसत होता. "तो ब्राउझर आपणहून मागतो गं, वर कोपऱ्यात लावायचं बारकं चित्र. खोडच हाय त्याला. भ्यायलीस कशाला? भुताला इंग्रजी येतं व्हय?"

पोळ्याला गावी जाताना तो जालन्यात तासभर थांबला. पुढचा धडा पत्त्यांचा होता. कोणत्या नावानं हाक आली की कोणतं पान पुढे करायचं, ते यादीत कसं लिहायचं, असा. "परत जाताना शिकवतो," तो म्हणाला. "तुझं पान बनवू. पत्ता काय ठेवायचा ते मी ठरवणार." आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

दहाव्या-अकराव्या दिवशी, दुपारी, तिनं तो लॅपटॉप पुन्हा उघडला. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. त्याची वही शेजारी होती. साळूबाई, तिची आई, अंगणात भिंतीला टेकून बसली होती; पोरगा गेल्यापासून ती तिथंच बसायची, फाटकाकडे तोंड करून. बाहेर ऊन असं पांढरं पडलं होतं की पत्र्यावर चिमणीसुद्धा नव्हती.

बेबीनंदानं सर्व्हर चालू केला. पहिलं पान उघडलं. एक ओळ आली, दोनशे. मागोमाग त्या बारक्या चित्राची ओळ आली, चारशे चार. नेहमीप्रमाणे. तिनं हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली.

मग तिसरी ओळ उमटली.

इंग्रजी अक्षरं होती, म्हणून तिला ती जुळवून वाचावी लागली. बे... बा... क्का. पुढे चारशे चार.

ब्राउझरची खोड असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्यानंच कधीतरी हा पत्ता टाकून ठेवला असेल आणि ब्राउझर जुनं काहीतरी उगाळत असेल. तिनं वही पाहिली, सगळ्या फाइली पाहिल्या. तो शब्द कुठेच नव्हता. पत्त्यांच्या यादीत एकच ओळ होती, पहिल्या पानाची.

तीन दिवसांनी तिनं ब्राउझर उघडलाच नाही. नुसता सर्व्हर चालू केला आणि काळ्या खिडकीसमोर बसली. हाक मारणारं पेटीत कुणीच नव्हतं. खोलीत औषधाचा वास नव्हता, तरी नाकाशी काहीतरी आलं. गाळाचा वास. पूर ओसरल्यावर काठावर येतो तसा.

बारा वाजून गेले आणि ओळ उमटली. बेबाक्का. चारशे चार.

त्या दुपारी तिनं आईला सांगितलं. साळूबाईला त्या पेटीतलं काही कळत नव्हतं, पण हाक म्हटल्यावर ती ताठ बसली.

"कितीदा आली?"

"दोनदा."

"ओ दिलीस?"

"न्हाई, माय. तसं पानच न्हाई ना. मला लिहिताच येत न्हाई ते."

"बराबर केलं. दोनदा कुणीबी मारतंय. तिसऱ्यांदा मारती ती जित्या माणसाची हाक." तिनं पदर तोंडाशी धरला. "थांब तू. तिसरी येऊ दे. माझा देवा हाय कुठंतरी..."

दुसऱ्याच दिवशी तातेराव काका आले. सर्वपित्री अमावास्येला नदीकाठी देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, गुरुजींशी बोलणं झालं होतं. हे ते दाराकडे बघत सांगत होते. साळूबाईनं मान हलवली.

"न्हाई भाऊजी. पोराची हाक येऊन राह्यली."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बेबीनंदाकडे वळले. "तू शिकलेली बाई. पेटीत भाऊ बसलाय व्हय तुझा?"

"मी कुठं असं म्हणले, काका?"

"मंग वहिनीला आशेला कशाला लावून राह्यलीस?" ते ओरडले खरे, पण लगेच खाली बसले. नावेच्या दोरानं तळहात सोलवटले होते, ते त्यांनी उघडून दाखवले. "आठ दिस. पाण्यातली एक-एक बाभळ चाचपून पाहिली. मला काय हौस हाय का? विधी न्हाई केला तर पोरगं तहानलेलं फिरत राहील. आन् जित्याचा पुतळा जाळला तर... ते पाप कुणाच्या डोक्यावर?"

मग त्यांनी तळहात मिटले आणि ते म्हणाले, "बारा वाजता अग्नी देणार. तोवर तिसरी हाक आली तर फोन कर, मी पुतळा तसाच सोडून उठतो. न आली तर तूच सांगायचं मला, चालू द्या म्हणून. एकट्यानं न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

अमावास्येच्या दिवशी साडेअकराला लाइट गेली. पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी जुनी, जेमतेम पाऊण तास चालायची. कोपऱ्यातला आकडा खाली घसरत होता. आई अंगणातच बसून होती. एकदाच आतून-बाहेरून बोलणं झालं.

"आली?"

"न्हाई, माय."

पावणेबारा. बाराला पाच कमी. त्या दिवशीची काळी खिडकी अगदी कोरी होती. ये रे, बेबीनंदा मनात म्हणत होती, आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, नको येऊ. आली तर तो आहे, पण मग कुठे आहे, कशात आहे, हे तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

बाराला तिनं फोन लावला.

"आली?" काकांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

फोनमध्ये गुरुजींचा आवाज चालू होता, त्यामागे पाणी.

"चालू द्या, काका."

काकांनी फोन बंद केला नाही, विसरले असतील. तिला वाळली पानं पेटल्याचा आवाज ऐकू आला. बारीक, चरचर असा. मग कुणाचं तरी नाक ओढणं. मग फोन तुटला.

बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. बंद करावं म्हणून तिनं हात पुढे केला.

बारा वाजून चार मिनिटं. ओळ उमटली.

बेबाक्का.

पुढे दोनशे.

ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मोजणीच्या सवयीनं बोट ठेवून वाचली. दोनशे. आणि शेवटी, सतरा. सतरा अक्षरांचं उत्तर गेलं होतं.

"बेबे," अंगणातून आईचा आवाज आला. जड, हळू. "ओ दिलीस ना गं?"

बेबीनंदानं ओळीवरचं बोट उचललं.

"काय म्हणलीस, माय?"

"आत्ता आतून ओ आली की. मी ऐकली. तूच दिलीस ना?"

खोलीत ती एकटी होती. तिनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. गाळाचा वास दाराच्या बाजूनं नाही, तिच्या मागून, भिंतीच्या बाजूनं येत होता. तिनं वळून पाहिलं नाही.

"व्हय, माय," ती म्हणाली. "मीच दिली."

"मंग बरं झालं." साळूबाईनं भिंतीला डोकं टेकवलं. थोड्या वेळानं तिनं चहा मागितला. महिन्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लॅपटॉपचा पडदा तोवर काळा झाला होता.

संध्याकाळी लाइट आल्यावर बेबीनंदानं पत्त्यांची यादी उघडली. एकच ओळ, पहिल्या पानाची. बाकी काही नव्हतं. काका दोन दिवसांनी आले, त्यांनी विचारलं, "नंतर काही आलं न्हाई ना?" तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. खपल्या धरल्या होत्या. "बिलकुल न्हाई," ती म्हणाली.

पुढे तिनं पुस्तक मागवून पत्त्यांचा धडा स्वतःच पुरा केला. मोजणीची पानं बनवली. प्रयोगशाळेत आता सगळे तीच वापरतात. काळ्या खिडकीत दिवसभर ओळी येत राहतात, त्यांच्याकडे बघायचं तिनं सोडलंय. साळूबाई अंगणातून उठून घरात बसायला लागली.

बेबाक्का हा पत्ता मात्र बेबीनंदानं अजून उघडून पाहिलेला नाही.