टाकीत धुतलेले केस

सकाळचे साडेपाच. एप्रिल महिना, शुक्रवार. बुग्नाय गावाच्या खालच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायका एकाएकी रडायला लागल्या.

हे घडलेलं आहे. त्या नळावर उभ्या असलेल्या बायका आजही गावात आहेत. ज्याला खोटं वाटतं त्याने इलोकोसच्या डोंगरात यावं आणि त्यांना विचारावं. त्या सांगतील सगळं.

फक्त प्यायला पाणी देणार नाहीत.

हर्मिनिया धावत आली. गावच्या पाणी मंडळाची देखरेख तिच्याकडे होती. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वरच्या सिमेंटच्या टाकीत साठतं, तिथून पाइपाने नळांना येतं. टाकीच्या कुंपणाची किल्ली हर्मिनियाच्या कमरेला असायची.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, मनांग." मोठ्या बहिणीसारख्या बाईला तिथे मनांग म्हणतात. बोलणारी कोन्सिंग होती, नळावरची सगळ्यात तोंडाळ बाई. "सासू गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही माझ्या. आज बघ, बादलीच्या आधी मीच भरले."

बाकीच्या हसल्या. हसता हसता रडत राहिल्या.

हर्मिनियाने नळाखाली ओंजळ धरली. पाणी काचेसारखं नितळ. गाळ नाही, वास नाही. तिने एक घोट घेतला...

जळलेल्या पेंढ्याची चव होती.

ही चव पाण्यात कुठून आली असेल, ते तिला लगेच कळलं.

बुधवारी अपो दोमिंगाच्या मुलीला मूठमाती दिली होती. वडीलधाऱ्या माणसांना तिथे अपो म्हणतात. अरासेली तिचं नाव, घरात सगळे सेली म्हणत. तैवानच्या एका कारखान्यात कामाला होती. तापाचं निमित्त झालं आणि पेटीतून घरी आली. दोमिंगाला जगात दुसरं कुणी नव्हतं.

दफनानंतरच्या सकाळी घरच्यांनी वाहत्या पाण्यावर जायचं, अशी तिथली रीत. गुल्गोल म्हणतात तिला. भाताचा पेंढा जाळायचा, राख पाण्यात कालवायची. एखाद्या जाणत्या म्हातारीने ते पाणी डोक्यावर ओतायचं आणि केस चोळून धुवायचे. छातीवर बसलेलं ओझं पाण्याबरोबर निघून जातं. पाणी मात्र वाहतं हवं. ओझं दूर न्यायचं काम त्याचं.

पूर्वी सगळे नदीवर जात. वरच्या अंगाला वाळू उपसणारे आले तेव्हापासून नदीत पिवळा चिखल उरला होता. पाय घातला की खाज सुटायची.

म्हणून गुरुवारी पहाटे दोमिंगा किल्ली मागायला आली.

"टाकीपाशी, अपो?" हर्मिनिया म्हणाली. "अख्खं गाव पितं ते पाणी."

"मग काय त्या चिखलात बसू? म्हशीसुद्धा बसत नाहीत तिथे."

"टाकीच्या बाहेर जादा पाण्याची नळी आहे, तिथे धुवा. ते पाणी खाली ओढ्यात जातं. झाकण उघडायचं नाही हं."

"नाही उघडत गं. मला काय विष कालवायचंय?"

हर्मिनियाने किल्ली काढून दिली. लेक पुरून आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

एप्रिलमध्ये त्या नळीला थेंब नसतो. हर्मिनियाला हे ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

दोमिंगाने नळी पाहिली. कोरडी. मग तिने टाकीचं झाकण सरकवलं. काठावर मान खाली घालून बसली. सोबत आलेल्या म्हातारीने राखेचं पाणी ओतलं, टाकीतलं पाणी उपसून पुन्हा पुन्हा ओतलं. केसांवरून जे काही ओघळलं ते सगळं...

टाकीत गेलं.

गावाचं रडणं दोन दिवस टिकलं. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून रडले. पाद्री प्रवचनात अडखळले. मग हळूहळू ओसरलं, थोडं थोडं सगळ्यांच्या वाट्याला येऊन विरलं म्हणा. तालुक्याहून तपासनीस आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला.

एका घरात मात्र कुणी रडलं नव्हतं.

हर्मिनियाचं घर टाकीच्या पायथ्याशी आहे. पाइपातलं पहिलं पाणी तिच्याकडे येतं. आणि तिची सहा वर्षांची पिनिंग उठल्या उठल्या नळालाच तोंड लावून पिते. कितीदा ओरडा खाल्ला तरी.

पिनिंग रडली नाही. ती खेळायची थांबली. घराच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायची. कुणी हाक मारली तर वळून बघायला वेळ लावायची, म्हाताऱ्या माणसासारखा.

रविवारी दुपारी जेवताना ती म्हणाली, "अजून एक ताट वाढ."

"कुणाला गं?"

"सेलीला."

तिचा बाप रुफो हसला. "कोण ही सेली? बाहुली का तुझी?"

पिनिंगने त्याच्याकडे पाहिलं. मूल बापाकडे बघतं तसं ते बघणं नव्हतं...

"माझी मुलगी," ती म्हणाली.

रुफोचा घास हातातच राहिला.

"पेटी उघडली तेव्हा तिच्या पायात दुसऱ्या कुणाचे तरी मोजे होते," पिनिंग शांतपणे सांगत होती. "निळे. मी काढले आणि चुलीत टाकले. कुणाला सांगितलं नाही."

मग तिने मासा सोलून काटे बाजूला काढले आणि मऊ मऊ तुकडे रिकाम्या जागेसमोर ठेवले.

हर्मिनिया तशीच उठून दोमिंगाच्या घरी गेली.

नऊ दिवसांची प्रार्थना चालू असायला हवी होती. तिथे रेडिओ चालू होता. दोमिंगा केळी तळत होती. अंगात फुलाफुलांचा झगा.

"ये गं मिनिया. गरम आहेत, घे."

"अपो, सेलीच्या पायात मोजे होते का?"

दोमिंगाचा झारा थांबला.

"निळे?"

"दार लावलं होतं मी," दोमिंगा म्हणाली. "एकटी होते. तुला कुणी सांगितलं?"

हर्मिनियाने सांगितलं. मग हात जोडले. "टाकीत अजून तेच पाणी आहे. पाण्यातून गेलंय, पाण्यातूनच परत येईल. तुम्ही या, पेलाभर प्या. माझी पोर सहा वर्षांची आहे हो, अपो."

दोमिंगाने कढईतली केळी उलटली.

"डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर मान कशी हलकी होते, ठाऊक आहे ना तुला? रात्री झोप लागते मला. आता तू म्हणतेस, परत उचल."

"तुमचाच आहे तो."

"होता." तिने रेडिओचा आवाज वाढवला. "तुझ्या नळाचं पाणी तूच पी बाई. वर्गणी मागायला येतेस तेव्हा म्हणतेस ना, स्वच्छ आहे म्हणून?"

निघताना तिने पिनिंगसाठी पानात बांधून चार केळी दिली. चांगली बाई होती ती. तेच भयंकर होतं.

हर्मिनियाला जे येत होतं ते तिने केलं. सोमवारी सकाळी गावातले पुरुष बोलावले आणि टाकी रिकामी करायला लावली. घरोघर सांगितलं, साठवलेलं पाणी ओतून द्या, एक थेंब ठेवू नका. टाकी ब्रशने घासली. ब्लीचिंग पावडर टाकली, धुतली, पुसली, उन्हात उघडी ठेवली. सगळे नळ सोडून ठेवले. पाइपातला शेवटचा थेंब गळून गेला.

गाव गप्प झालं. आणि मग...

कोरड्या नळांतून आवाज आला.

पाणी ओतल्याचा. थांबून थांबून. कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यावर तांब्याने ओतावं तसा. कोन्सिंगच्या अंगणात, शाळेत, चर्चच्या भिंतीशी, सगळ्या नळांतून एकाच वेळी.

नळांखालची माती कोरडी होती.

भर दुपार होती. पुरुष ब्रश हातात घेऊन उभे राहिले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने आवाज थांबला.

संध्याकाळी टाकी भरली. नव्या पाण्याला पावडरीचा उग्र वास होता. एरवी त्या वासाला नाकं मुरडणाऱ्या बायका त्या दिवशी ओंजळी भरभरून प्यायल्या. कुणी रडलं नाही.

हर्मिनिया घरी आली तेव्हा पिनिंग पायरीवर बसली होती.

"धुतलीस टाकी?"

"हो गं राजा."

"बरं केलंस." पिनिंग पहिल्यांदाच हसली. "आता तिला माझ्याकडून कुणी नेणार नाही."

पुढच्या आठवड्यात दोमिंगा स्वतः आली. अनवाणी, केस मोकळे. हातात काचेच्या चौकटीतला फोटो.

"मिनिया, ही कोण गं?"

हर्मिनियाला आधी वाटलं, चेष्टा करतेय.

"सेली, अपो."

"सगळे तेच सांगतात. नाव ठाऊक आहे मला. पेटी आली तेही ठाऊक आहे. पण हे तोंड..." तिने काच झग्याच्या टोकाने पुसली. "सकाळी मेणबत्ती लावताना दिसला हा फोटो. वाटलं, कुणाच्या तरी पोरीचा आपल्या घरी राहिलाय, नेऊन द्यावा."

तिने फोटो हर्मिनियाच्या हातात दिला.

"त्या दिवसाचं पाणी आहे का कुणाकडे? भांडंभर, पेलाभर? पिते मी. सगळं पिते."

दोघी घरोघर फिरल्या. हर्मिनियाचंच काम चोख झालं होतं. कुणी ठेवलं नव्हतं. "तूच सांगितलंस ना, मनांग, ओतून द्या म्हणून?" प्रत्येक दारात तेच.

कोन्सिंगच्या घरी फ्रीजच्या मागे एक बाटली निघाली. तळाशी घोटभर पाणी. दोमिंगा ते उभ्या उभ्या प्यायली. डोळे मिटून थांबली.

"काय आठवलं?" हर्मिनियाने विचारलं.

"मोजे," दोमिंगा म्हणाली. "निळे मोजे काढले मी."

"आणि?"

"पाय कुणाचे होते ते नाही आठवत."

 

तपासणीचा अहवाल आला आहे. पाणी पिण्यास योग्य. रुफोने पिनिंगला शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी जंताचं औषध दिलं. ती जेवते, शाळेत जाते, पाढे म्हणते. फक्त इतर मुलींबरोबर खेळत नाही. त्या लहान आहेत, म्हणते.

रुफोचं म्हणणं एकच. पोरीला समुद्रावर न्यायचं, राखेच्या पाण्याने तिचे केस धुवायचे, जे काय आहे ते समुद्राला देऊन टाकायचं. समुद्राचं पाणी कुणाच्या नळाला येत नाही.

हर्मिनियाने पेंढा जाळला. राख डब्यात भरली. जीप ठरवली.

दोमिंगाच्या कानावर गेलं तशी ती धावत आली आणि जीपच्या पुढे रस्त्यावर बसली.

"नको गं, मिनिया. तिच्या डोक्यातून गेलं की सेली कुठेच उरणार नाही."

"आणि माझी पोर?" हर्मिनिया ओरडली. "तिने काय करायचं? सहाव्या वर्षी म्हातारं व्हायचं?"

दोमिंगा उठली नाही. त्या दिवशी जीप गेली नाही.

तेव्हापासून दोमिंगा रोज दुपारी येते. खालच्या पायरीवर बसते. वरच्या पायरीवर पिनिंग. पिनिंग सांगते, सेलीला दोन वर्षांची असताना कांजिण्या आल्या होत्या. ती डाव्या हाताने लिहायची, मास्तर मारायचे. विमानतळावर ती एकदाही मागे वळली नाही, कारण वळली असती तर गेली नसती. दोमिंगा मान हलवत ऐकते. दुसऱ्या गावच्या कुणा मुलीची गोष्ट ऐकावी तशी.

काल शनिवार होता. जीप पुन्हा दाराशी आली. हर्मिनिया राखेचा डबा घेऊन बाहेर पडली. या वेळी कुणाचं ऐकायचं नाही, असं ठरवून.

पायरीवर दोघी बसल्या होत्या.

"आईवर फार जीव होता का गं तिचा?" दोमिंगा विचारत होती.

पिनिंगने तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. सावकाश, समजूत काढावी तसा.

"हो," ती म्हणाली. "फार जीव होता माझ्यावर."

दोमिंगा रडली नाही. तिला रडू येतच नाही आता. ती फक्त म्हणाली, "मग उद्या पुढचं सांग."

हर्मिनिया डबा हातात धरून दारात उभी राहिली.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. जीप रिकामी परत गेली.