चौदा नंबरच्या मागावर

चौदा नंबरला अडवायचं होतं. बस, एवढंच काम! खालच्या कुरणात पाळीव मेंढ्या चरतात, तिथं तो पोचायच्या आत त्याच्या आडवं जायचं, बोंबलायचं, दगड मारायचे आणि परत वर पिटाळायचं.

चौदा नंबर म्हणजे आमच्या डोंगरावरचा जंगली मेंढा. कानात पिवळा बिल्ला, गळ्यात रेडिओचा पट्टा, शिंगं वळून पार गालापर्यंत आलेली. ऑक्टोबरात असे नर माद्या शोधत भटकतात. पण पाळीव मेंढीच्या नाकाला नाक लागलं की संपलं! पाळीव मेंढीला काही होत नाही, जंगली मात्र फुप्फुसाचा रोग घेऊन घरी जातो. पलीकडच्या डोंगरावर असाच एक नर परत गेला होता. वसंतात कोकरं खोकून खोकून मेली. एकूण एक.

निघालो तिघं. मी, आजोबा आणि बिशप नावाचं खेचर. मी सतरा वर्षांची, शाळा मार्चमध्येच सोडलेली. मास्तरांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. आजोबा, म्हणजे ऑर्व्हिल हौगेन, एकाहत्तर वर्षांचे, मेंढा मंडळातले सगळ्यात जुने. मंडळात सगळे शिकारीच. उन्हाळाभर पाठीवरून सामान वाहून डोंगरावर पाण्याच्या टाक्या बसवायच्या, जुन्या काटेरी तारा उपटायच्या, आणि दर वसंतात सरकारी सोडतीत अर्ज टाकायचा: एका मेंढ्याच्या शिकारीचा परवाना मिळावा म्हणून. आजोबांनी एक्केचाळीस वर्षं अर्ज टाकला. एकदाही नंबर लागला नाही!

नऊ वर्षांपूर्वी मंडळानं तेवीस मेंढ्या ट्रकनं आणून इथं सोडल्या. तेव्हा चौदा नंबर कोकरू होता. डोळ्यांवर पट्टी बांधून तो आजोबांच्या मांडीवर बसून आला होता. आता कळप चौसष्टचा झालाय.

पहिल्याच नदीला बिशप अडला.

"ढकल ना मागून!" आजोबा ओरडले.

"लाथ बसली म्हणजे?"

"मास्तरांपुढं तोंड चालतं ना तुझं? मग त्यालाही सुनाव!"

मी सुनावलं. बिशपनं उडी मारली, दोर ताणला आणि मी सपशेल पाण्यात! बर्फाचं पाणी. श्वासच अडकला. आजोबांनी मला कॉलर धरून ओढलं. पण पट्ट्याचा आवाज पकडणारं यंत्र माझ्या पाठीवर होतं. बाहेर आलो तर ते मुकं झालेलं.

मला वाटलं आता शिव्या बसणार. आजोबा फक्त म्हणाले, "मग आता तुझे डोळे. माझ्या डोळ्यांत तर मोतीबिंदू झालाय."

दुपारी गारा आल्या. घसरणाऱ्या दगडांच्या उतारावर एक पाऊल वर टाकलं की दोन पावलं खाली. बिशपला झाडाला बांधून पुढं निघालो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मला खुरांचे ठसे दिसले. ताजे! नुकत्याच पडलेल्या गारांवर उमटलेले.

ठसे सरळ खाली गेले होते, पाइनच्या बुंध्यांमधून. बुंधे कापलेले. मी ओळखले. कारण त्यातले निम्मे गेल्या उन्हाळ्यात मीच कापले होते! दाट झाडीत पुमा लपतो, म्हणून मेंढे झाडीत शिरत नाहीत. त्यांना चरायला मोकळं रान मिळावं म्हणून मंडळानं हा अख्खा उतार साफ केला होता.

"आजोबा..."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "वाट आपणच करून दिली."

आम्ही पळालो. आजोबा एकाहत्तराव्या वर्षी पळत होते!

उताराच्या टोकाशी आलो. खाली कुरणात मेंढपाळ सेवेरिनोचा कळप सांडलेल्या लाह्यांसारखा पसरलेला. आणि कडेला तो, तपकिरी, एकटा. सेवेरिनो दगड मारत होता. त्याची दोन्ही कुत्री भुंकत होती. मी गळा फाटेस्तोवर ओरडले. वारा उलटा. आवाज माझ्याच तोंडावर परत येत होता! आजोबांनी हवेत बार काढला. चौदा नंबरनं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, आणि पुढं चालायला लागला.

एक पांढरी मेंढी वळली.

मी दुर्बिणीत बघत होते.

"लागलं का?" आजोबांनी विचारलं.

मी दुर्बिणीची काच बाहीनं पुसली.

"नीट बघ, पोरी. नाक लागलं का?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांना एवढ्या लांबचं काहीच दिसत नव्हतं. मग चौदा नंबर वर गेला असता, आपल्या चौसष्टात.

"लागलं," मी म्हणाले.

आजोबांनी खिशातलं सरकारी पत्र चाचपलं. त्यात लिहिलंच होतं, लागलं तर काय करायचं.

"इंजेक्शन देऊन बेशुद्ध करू ना त्याला! कुठंतरी कोंडून ठेवू!" मी किंचाळले. "काहीतरी करा ना!"

"कुठं कोंडणार? आणि रोग लागलेल्याला परत वर कोण सोडणार?"

त्यांना दिसेल इतक्या जवळ, दोनशे पावलं ते खाली गेले, पालथे पडून नेम धरला. एकच बार.

सेवेरिनोनं टोपी काढली. "मी खूप दगड मारले हो, साहेब. तो घाबरेचना."

"तुझी चूक नाही रे."

"मग कुणाची?"

 आजोबा गुडघे टेकून शिंगावरच्या वळ्या, वर्षाला एक पडते त्या, बोटानं मोजत बसले. नऊ झाल्यावर परत पहिल्यापासून मोजल्या.

मेंढ्याचं डोकं रोगाच्या तपासणीला द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा वाऱ्यानं गाडीच्या मागची ताडपत्री उडाली आणि शिंगं उघडी पडली. पंपवाला लॉनी धावतच आला, आजोबांचा हात धरून गदागदा हलवायला लागला.

"ऑर्व्हिल! लागला की रे नंबर शेवटी! एक्केचाळीस वर्षांनी! काय शिंगं आहेत, बापरे!"

मी दार ढकलून खाली उतरले. याला आता असं सुनावणार होते की बास! तोंड उघडलं. मग मिटलं आणि ताडपत्री ओढून शिंगं झाकली.

लॉनी अजून हात हलवतच होता.

"हो," आजोबा म्हणाले. "नऊ वर्षांचा होता."