उपकारछेद

विधानसभेत शपथ घेण्याआधी प्रत्येक नव्या आमदाराला एका शांत खोलीत डोक्याला पट्टा बांधून बसावं लागे. कायद्याच्या पुस्तकात या विधीला 'उपकारछेद' असं भारदस्त नाव होतं; लोक त्याला मीठकायदा म्हणत. निवडणुकीतला पैसा अडवता अडवता सगळी सरकारं थकली होती. पुढचं दार लावावं, तर तो मागच्या दाराने येई. शेवटी शहाण्या माणसांनी ठरवलं की पैसा येऊ द्यावा, पण खाल्ल्या मिठाला जागणारा मेंदूचा भागच झोपवून टाकावा.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. कोणी काय दिलं ही माहिती मेंदूत एका ठिकाणी साठते. त्या माणसाचं नाव निघताच आत जे हलतं, त्याची जागा वेगळी. या दोन जागांमधला धागा कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी कायमचा तोडता येतो. आठवण जशीच्या तशी राहते, मिंधेपण जातं. देणगीदारांचे चेहरे एकेक करून दाखवायचे, मेंदू दाखवणाऱ्या पडद्यावर जिथे उजेड पडेल तिथे लहरी सोडायच्या, एवढंच काम.

शर्वरी गडदे माणदेशातून पहिल्यांदाच निवडून आली होती. तिकडे बाई उमेदवार दारात आली की घरातल्या बाया तिची ओटी भरत. पदरात पडलेला तांदूळसुद्धा जाहीर करीन, असं शर्वरी प्रत्येक सभेत सांगे आणि टाळ्या घेई. टाळ्या मिळतात म्हणून माणूस काय काय बोलून जातो.

तिच्या गल्लीतल्या छायाकाकू विधवा. आई गेल्यावर शर्वरीला त्यांनीच वाढवलं होतं. विधवेने ओटी भरायची नाही हा रिवाज अजून टिकून होता, म्हणून त्या दाराआड उभ्या राहिल्या. शर्वरीने आत जाऊन त्यांच्यापुढेच पहिल्यांदा पदर पसरला. घरी येऊन तो रिकामा केला, तेव्हा तांदळात काकूंच्या मंगळसूत्राच्या दोन सोन्याच्या वाट्या निघाल्या. काकू त्या परत घेईनात. शेवटी त्या मोडून प्रचाराच्या गाडीचं भाडं भागवलं आणि दिल्या शब्दाप्रमाणे तेही जाहीर केलं.

छेद केंद्राच्या डॉक्टर रेहाना शिकलगार यांना तिने आधी विनंती करून पाहिली. काकूंचा चेहरा वगळा म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या की जाहीर झालेलं नाव वगळता येत नाही. छेद नको असेल तर राजीनामा द्यावा लागेल.

"त्या मला आईसारख्या आहेत," शर्वरी म्हणाली. "माया आणि मिंधेपण तुमच्या यंत्राला वेगळं ओळखता येत नाही?"

"नाही, ताई. धागा एकच आहे."

काकूंच्या वस्तीला कालव्याचं पाणी आणायचं म्हणून तर शर्वरी निवडणुकीला उभी राहिली होती. माया गेली तरी पाणी येईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि पट्टा बांधून घेतला. खुर्चीचा मोहही तिला तेव्हा पाण्याची तळमळच वाटला.

साखर कारखानदार चौगुले हे तिचे सर्वांत मोठे देणगीदार. त्यांचा चेहरा आधी आला, पण पडदा काळाच राहिला. इथे तोडण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. शर्वरीला अभिमान वाटला. डॉक्टर मात्र तिच्याकडे न बघता पुढचा चेहरा लावू लागल्या. मग काकू आल्या आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळला. थोड्या वेळाने तोही विझला.

वर्षभराने कालव्याची फाईल तिच्यासमोर आली. पाणी एकाच बाजूला वळवता येणार होतं, वस्तीकडे किंवा कारखान्याकडे. चौगुल्यांनी चकार शब्द काढला नव्हता, आणि तिलाही त्यांचं काही देणं वाटत नव्हतं. फक्त पुढची निवडणूक आठवली. तिने कारखान्याच्या बाजूने शिफारस केली.

छायाकाकू भेटायला आल्या. शर्वरीने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज ठेवून जा म्हणून सांगितलं. कोणत्याही मतदाराशी ती तशीच बोलत असे. काकू चहा न घेताच उठल्या.

"माझंच चुकलं, बाई," त्या म्हणाल्या. "म्या द्यायलाच नको हुतं."

त्या गेल्यावर शर्वरीने डॉक्टरांना फोन लावला. तोडलेलं परत जोडता येतं का, हे तिला विचारायचं होतं. जोडता येत नव्हतं.

"चौगुल्यांच्या वेळचा काळा पडदा आठवतो?" डॉक्टरांनी विचारलं. "मोठ्या देणगीदाराच्या चेहऱ्यावर आजवर एकाही आमदाराचा पडदा उजळला नाही. तिथे उपकार नसतातच, पुढच्या वेळची आशा असते. ती आमच्या यंत्राला दिसत नाही. आम्ही विझवतो ती फक्त घरची माणसं."

"मग तुम्ही हे सरकारला कळवत का नाही?"

"कळवलं होतं. सभागृहाने अहवाल दप्तरी दाखल केला. माझी नोकरी मात्र राहिली, आणि मीही ती ठेवली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. पण इथे फास ओढणाऱ्यांत आपलाही हात होता, हे शर्वरीला कळलं आणि मान वर करवेना. माया तुटली होती, लाज तेवढी शाबूत होती.

रविवारी ती काकूंकडे गेली. दारात टँकरच्या पाण्याची पिंपं होती. काकूंनी भाकरी वाढली, ती तिने खाल्ली. लहानपणी हीच भाकरी आपल्याला आवडायची हे तिला नीट आठवत होतं, पण आवडणं म्हणजे काय व्हायचं ते आठवेना. निघताना लेकीची ओटी भरायची म्हणून काकूंनी गेल्या वेळेसारखेच सुपातून मूठभर तांदूळ घेतले. शर्वरीने पदर पसरला.

काकूंचा हात मध्येच थांबला. त्यांनी तांदूळ पुन्हा सुपात टाकले.

"नगं, बाई," त्या म्हणाल्या. "परत कायतरी कापत्याल."

शर्वरीने पदर खोचला आणि ती गाडीत जाऊन बसली.