बंद भट्टीतली टकटक

हसायचं तर हसा, पण हे खरं आहे... माझ्या झुलहुमोर मामीच्या बाबतीत घडलंय. कुंभारांच्या रिश्तान गावात, चिल्ल्याच्या चाळीस दिवसांच्या काहिलीत, भरदुपारी.

तोलिबमामा कुंभार. वसंतातल्या नवरोजच्या आधी गेला. फळीवर त्याचे सात कच्चे वाडगे राहिले. वाळून वाळून त्यांच्या कडा झडायला लागल्या होत्या. ते एकदा भाजले जावेत, एवढंच मामीला हवं होतं. त्यांवर मामाच्या बोटांचे वळ होते. त्याचं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

म्हणून तिने अंगणात स्वतःच भट्टी रचली. दीर हमदम विटा देत होता.

"वहिनी, ही भट्टी आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

"तू वीट दे. तोंड कमी चालव."

सासूने मात्र विचारलं, "उस्तादाची परवानगी घेतलीस? नवी भट्टी पेटवायच्या आधी घ्यावी लागते, पोरी."

"माझा उस्ताद मातीत गेला, आई. कुणाला विचारू?"

आधी चाचणी. तिने स्वतः घडवलेले नऊ वाडगे आत रचले, दिवसभर कापसाच्या पळाट्या जाळल्या आणि भट्टीचं तोंड लिंपून टाकलं.

दुसऱ्या दुपारी ती भट्टीपाशी बसली होती. आतून आवाज आला...

टक. टक.

"भांडी निवतायत," हमदम म्हणाला.

टक. टक.

हमदमचा चेहरा उतरला. मामा असंच करायचा. भाजलेलं प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा. चांगलं असलं तर खणखणीत वाजायचं, तडकलेलं असलं तर बद्द.

मामीने मोजलं. नऊ भांडी वाजली. नऊही बद्द.

तिने हातांनीच लिंपण ओरबाडून काढलं. तळवे भाजले, तरी थांबली नाही.

नऊच्या नऊ वाडगे तडकलेले.

आत कुणीही नव्हतं.

"चुकलं माझं! हव्या तेवढ्या शिव्या द्या!" भट्टीच्या तोंडाशी ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "पण तुमचे तेवढे भाजू द्या हो!"



मग घरातून, फळीकडून, ओली माती थापटल्याचा आवाज आला.

ती धावली. चार महिने वाळलेले ते सात वाडगे... ओले होते. चाकावरून आत्ताच उतरवल्यासारखे. झडलेल्या कडा सबंध झाल्या होत्या. बोटांच्या वळांत पाणी चमकत होतं.

ओलं भांडं भट्टीत घातलं की फुटतं. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

याला अकरा वर्षं झाली. मामी रोज सकाळी फळीपाशी जाते. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, तेव्हा तिने मलाच हात लावून बघायला सांगितलं.

"वाळलेत का रे?"

माझ्या बोटाला ओली माती लागली होती. मी हात पाठीमागे लपवला.