अवसेचं नाडीतिकीट

सोनखाडीच्या टपाल कार्यालयाची खिडकी हल्ली रविवारीसुद्धा उघडी ठेवावी लागे, ती त्या एका तिकिटापायी. लोक यायचे, निळ्या देवमाशाचं तिकीट मागायचे आणि पाकिटाला चिकटवण्याआधी त्यावर अंगठा टेकवायचे. अंगठ्याच्या उबेने तिकीट जागं व्हायचं. चित्रातल्या देवमाशाच्या छातीत एक निळा ठिपका उजळायचा, विझायचा आणि मग बराच वेळ अंधार. पुन्हा उजळला की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्याच क्षणी भर समुद्रात एका जिवंत देवमाशाचं हृदय खरोखर धडकलेलं असायचं.

संरक्षित सागरी जीवांच्या गौरवासाठी निघालेल्या या तिकिटाची कल्पना रेवती खोब्रेकरची. किनारी जीवसंस्थेत ती देवमाशांचा अभ्यास करायची. दोन वर्षांपूर्वी एका अमावास्येला तिच्या होडीशेजारी तिकिटामागची ही मादी वर आली होती, म्हणून खलाशांनी तिचं नाव अवस ठेवलं. लांब काठीच्या टोकाने रेवतीने तिच्या पराच्या मागे एक संवेदक चिकटवला. हृदयाच्या विद्युतलहरी तो उपग्रहाकडे धाडी आणि तिथून मोबाइलच्या जाळ्यातून त्या देशभरातल्या कागदासारख्या पातळ तिकिटांवर उतरत. लोकांनी त्याला नाव दिलं होतं नाडीतिकीट. अवस कुठे आहे हे मात्र तिकीट सांगत नसे. शिकाऱ्यांच्या भीतीने रेवतीने ते मुद्दामच वगळलं होतं.

त्या रविवारी सकाळी रेवती खिडकीशेजारी बसून लोकांच्या पाकिटांवर सह्या करत होती. पोस्टमास्तर मालती पेडणेकर तिकिटावर अंगठा ठेवून म्हणाल्या, “मॅडम, आज ठिपका भराभर पेटतोय हो.”

“श्वास घ्यायला वर आली असेल,” रेवती मान वर न करता म्हणाली. “खोल बुडी मारली की तिचं हृदय मिनिटाला चार-पाचदाच धडकतं. वर येताना वेग घेतं, प्राणवायू भरून घ्यायला. थांबा जरा, जाईल परत खाली.”

रेवतीने आणखी काही पाकिटं हातावेगळी केली. रांगेतले लोक आपापल्या तिकिटांकडे बघून हसत होते. “खुशीत दिसते आज!” कुणीतरी म्हणालं.

“अजून तसंच आहे,” मालतीबाई म्हणाल्या. “आणि मॅडम, हा मधे मधे दुसरा कसला ठिपका? अगदी बारीक?”

रेवतीने तिकीट ओढून घेतलं. मोठा ठिपका धापा टाकल्यासारखा उघडमीट करत होता. इतका वेग तिने इतका वेळ टिकलेला कधीच पाहिला नव्हता. आणि दोन ठोक्यांच्या फटीत, डोळे ताणून पाहिलं तरच दिसेल असा, दुसराच एक ठिपका घाईघाईने लुकलुकत होता.

संवेदक सैल झाला असेल, असं स्वतःला बजावत तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर मूळ आलेख सरकू लागला. मोठ्या उंचवट्यांच्या अधूनमधून छोटे, टोकदार उंचवटे. त्यांची लय वेगळी, त्यांचा हिशेब वेगळा.

“मालतीताई, दोन हृदयं आहेत,” ती कशीबशी म्हणाली. “ती गाभण आहे.”

मालतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. रेवतीला आनंद व्हायला हवा होता, पण नजर त्या मोठ्या उंचवट्यांवरून हलेना. गाभण मादी वर थांबून राहिली आहे आणि तिचं हृदय फुटायला आलं आहे. का?

तेवढ्यात फोन वाजला. तिचा धाकटा भाऊ पुंडलिक. पर्यटकांना समुद्र दाखवायला त्याने दोन बोटी ठेवल्या होत्या. आधी ऐकू आला तो इंजिनांचा गदारोळ, मग टाळ्या, शिट्ट्या.

“ताई गो, अवस वर इली! आमच्या म्होरंच! पन्नासेक होडी जमलीत हंय!”

रेवती उभी राहिली. “पुंडलिक, ती तिथे आहे हे तुका कोणी सांगितल्यान?”

“कोणी कित्याक सांगूक होयो? तुझा तिकीटच सांगता मा! ठोके वाढूक लागले की समजायचां, ती वर येता. लगेच सगळ्यांनी ड्रोन सोडूचे. फवारो दिसलो की झालां. गेलो महिनाभर ह्याच चाललांहा.” मग अभिमानाने म्हणाला, “तुझ्यामुळे सगळ्यांचो धंदो उभो रवलो गो.”

ठिकाण तिने लपवलं होतं. वेळ लपवायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हृदयाचा ठोका हीच ती वेळ होती आणि ती तिने स्वतःच्या हाताने लाखो लोकांना वाटली होती. त्यांच्यात शिकारी एकही नव्हता. सगळे प्रेमापोटी गेले होते.

“पुंडलिक, ऐक. ती खाली का जात नाही?”

“जातली खंय? एका बाजूक होडी, दुसऱ्या बाजूक खडप, नुसते खडक. पाणी उथळ आसा.” त्याचा आवाज अडखळला. “ताई, ती फिरताहा नुसती. गोल गोल.”

“इंजिनं बंद कर! सगळ्यांची! तिच्या पोटात पिल्लू आहे!”

मग पुंडलिकने बोटीवरचा भोंगा उचलल्याची खरखर आली. “सगळ्यांनी हातातला तिकीट बघा! ती खुशीत नाय, घाबरलीहा! गाभण आसा! इंजिनां बंद करा! भायर जावची वाट सोडा!”

इंजिनं एकामागून एक थांबत गेली. इकडे रेवतीचं ओरडणं रांगेतल्या लोकांनीही ऐकलं होतं. मघाशी हसणारा माणूस आपलं तिकीट तळहातावर धरून उभा होता. अंगठा उचलावा की ठेवावा, हे त्याला कळेना. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

फोनवर पाण्याचा मोठा लोट आपटल्याचा आवाज आला. “गेली,” पुंडलिक म्हणाला. “भायर गेली.”

हळूहळू ठिपका संथ झाला. अंधार लांबत गेला. मालतीबाई मोठ्याने रडू लागल्या. रेवती मात्र आलेखाला डोळे लावून बसली होती. मोठे उंचवटे नीट होते. छोटे दिसत नव्हते.

पिल्लू आत कूस बदलून बसलं, की लाटेच्या फटक्याने संवेदक सरकला, की आणखी काही? ती दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. संस्थेचे संचालक डॉ. सबनीस यांनी आलेख पाहताच फोन केला.

“देवमाशाच्या गर्भाची नाडी! हे आजवर कुणालाच मिळालं नव्हतं रेवती. पुढचे काही महिने हा संवेदक डोळ्यांत तेल घालून जपायचा.”

“आणि पुढच्या रविवारी?” तिने विचारलं. “होड्या पुन्हा निघतील, सर.”

“तिकिटांची जोडणी बंद करू आपण. आपल्यापुरता आलेख चालू ठेवू.”

“आपल्यापुरता,” रेवती पुटपुटली. संस्थेतून, उपग्रहातून, कुणाच्या ना कुणाच्या हातून तो पुन्हा बाहेर येईल, याची तिला खात्री होती. तिने स्वतःसुद्धा तर प्रेमापोटीच सगळं केलं होतं. सबनीस बोलत असतानाच तिने लॅपटॉपवरून संवेदकाला सुटण्याची आज्ञा दिली. तो अवसेच्या अंगावरून सुटला आणि समुद्राच्या तळाशी गेला. देशभरातली तिकिटं एकदम निजली.

त्यानंतर कितीतरी दिवस लोक तिला एकच विचारत राहिले, मेली का ती? रेवती ‘नाही’ म्हणायची आणि म्हणताना तिचा आवाज कापायचा. नोकरी टिकली, पण संचालकांनी तिला पुन्हा समुद्रावर पाठवलं नाही. पुंडलिकने एक बोट विकली आणि दुसऱ्या बोटीने तो मासेमारी करू लागला.

वर्ष उलटलं. एका संध्याकाळी तो बंदरावरून थेट तिच्या घरी आला. कपडे ओलेच होते.

“ताई, खूप लांब एक फवारो दिसलो. मोठो. असो मोठो फवारो तिचोच. आणि त्याच्या बाजूक...” तो थांबला. “बारीकसो आणखी एक दिसलो असां वाटलां.”

रेवतीने त्याचा हात घट्ट धरला. “मग? जवळ जाऊन बघितलंस?”

“नाय गेलंय. इंजिन बंद करून उभो रवलंय, ती दिसेनाशी होयसर.” त्याचे डोळे भरून आले होते. “पण ताई, तो खरोखरच दुसरो फवारो होतो की लाटेचो तुषार, ह्या आता आमका कधीच समजाचां नाय काय गो?”