पंपाची मोफत माहिती

चर्चच्या आवारात पाऊल टाकलं आणि मी उडालेच! शाळेला सुट्टी असली की मी गावोगाव दम्याची माहिती द्यायला जाते. समोर असतात किती जण? पाच-सहा आज्या, त्यातल्या दोघी डुलक्या काढणाऱ्या. आणि इथे कोल्हारात? टोप्या, उपरणी, तरणी पोरं... पायरीवर बसायला जागा नाही. मला तर भरूनच आलं. म्हटलं, सिल्व्हियाबाई, नाव काढलंत की तुम्ही!

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "पोरी, पाच एचपीचा पंप सोलरवर चालंल का?"

माझ्या हातात इनहेलर होता. त्याला आपल्याकडे सगळे पंपच म्हणतात, मीही म्हणते. पण ज्या महाभागाने गावच्या ग्रुपवर 'रविवारी उपासनेनंतर पंपाची मोफत माहिती, नगरहून मॅडम येणार' एवढंच टाकलं होतं, त्याने अख्ख्या गावाला विहिरीवरचा पंप दाखवून बोलावलं होतं. पाळकांनी निरोप द्यायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं म्हणे. तो खांबाला टेकून उभा होता. दानीएल. एसटी स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान, कुरळे केस, आणि चेहरा इतका साळसूद की मला अस्सा राग आला!

लोक उठायला लागले, तसं माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना खाली बसवलं. म्हटलं, तो पंप बंद पडला तर पीक जातं, हा वेळेला नसला तर माणूस जातं. आणि भर सभेत माझा पंप तोंडाला लावून ओढून दाखवला. लहानपणापासून दमा आहे, तरी कळसूबाई चढून आलेय, हेही ठणकावून सांगितलं. रोजचा पंप वेगळा, अडीनडीचा वेगळा. बरं वाटलं म्हणून रोजचा सोडायचा नाही, आणि त्याची सवय लागते ही निव्वळ थाप. मागून एक बाई हळहळली, हिचं तर अजून लग्न व्हायचंय!

मग खांबाकडून आवाज आला. "मॅडम, चारचौघांत पंप वडायला लाज न्हाई वाटत?"

"तुम्हाला श्वास घ्यायला वाटते?"

तो हसला. छे... हसायला नको होतं त्याने. सगळा राग कुठे पळाला, कळलंच नाही.

एसटीपर्यंत तो सोबत आला. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, धुरळा नुसता! त्याने पटकन खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, आता मला देणार... मी हातही पुढे केला. आणि या पठ्ठ्याने तो स्वतःच्याच नाकाला लावला! मी बघतच राहिले. त्यालाही कळलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्याच्या. पुढच्या रविवारी माफी मागायला म्हणून नगरला, सावेडीत माझ्या घरी आला, हातात कोरा रुमाल घेऊन.

मग काय, येतच राहिला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि दर वेळी दुसऱ्या मजल्यावर याला नेमका फोन यायचा. मी वरून कठड्याला रेलून वाट बघायची. एकच मजला उरला आणि हा फोनवर! मग वर येऊन आधी पाणी प्यायचा, आणि माझ्याकडे असा बघायचा... मला वाटायचं, लाजतोय. एका मित्राला दमा आहे म्हणून शंभर प्रश्न विचारायचा. मी चिडवायची, मित्रावर फार जीव दिसतोय! तो म्हणायचा, "मित्र जरा भित्रा हाय."

सरळ सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले. आणि पडले तशी घाबरलेही. याआधी 'दमा' या एका शब्दावर माझी दोन स्थळं मोडली होती. माझी मावशी म्हणायची, लग्न होईपर्यंत बोलू नकोस. मला ते जमणारं नव्हतं. ज्याच्या घरात चोरून श्वास घ्यावा लागेल, तिथे मला जायचंच नव्हतं. पण दानीएलला तर पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं... मी मनात धरूनच चालले होते, आता फक्त त्याच्या आईने हो म्हणायचं राहिलंय.

म्हणून नाताळानंतर मी त्यांच्या घरी जेवायला गेले. त्याची आई लंकाबाई, प्रेमळ बाई. चुलीवरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकत होत्या. पोरगी मनात भरली असंही म्हणाल्या. मग ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकता टाकता, माझ्याकडे न बघता बोलल्या, "तू लई ग्वाड हाईस, बाळा. पन दमा घरात कसा आनायचा? आमच्यात असलं कुनालाच न्हाई."

माझा घास हातातच राहिला. मी दानीएलकडे बघितलं. तो ताटात बघत होता. मी वाट बघितली... आता बोलेल, मग बोलेल... एक शब्द नाही!

आणि मिरच्यांच्या धुराचा खाट उठला. मी ओढणी नाकाला लावली, म्हटलं, आता मी खोकणार आणि उरलीसुरली अब्रूही जाणार. पण खोकला दानीएल. खोकला थांबेना, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, दोन्ही हात जमिनीला टेकून तो हवा ओढत होता. लंकाबाई धावल्या. मला वाटलं, पाणी आणायला... त्यांनी दार लावून घेतलं! वर कडी घातली. कुणी बघू नये म्हणून.

पोराला श्वास मिळत नाही, आणि आई दार लावते?

मी कडी काढली, दार सताड उघडलं, तवा उचलून अंगणात ठेवला. दानीएलला उंबऱ्यात ताठ बसवलं आणि माझा अडीनडीचा पंप त्याच्या हातात दिला. कसा ओढायचा हे सांगायला तोंड उघडलं, तर त्याने तो हलवला, श्वास पूर्ण सोडला, सावकाश ओढला आणि रोखून धरला. तंतोतंत. पहिल्यांदा पंप धरणाऱ्या माणसाला असं कधीच जमत नाही. तो रुमाल, ते दुसऱ्या मजल्यावरचे फोन... सगळं आत्ता जुळलं.

"मित्र?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली. शिट्टी हळूहळू कमी झाली, तसा तुटक तुटक बोलला. ग्रुपवर दमा लिहिलं असतं तर कुणीच आलं नसतं. त्यालाही येता आलं नसतं, लोकांनी लगेच ओळखलं असतं. पंपाची माहिती म्हटल्यावर पंपवाल्याला कोण हटकणार? म्हणजे ती चूक नव्हतीच! मी महिनाभर ज्या चुकीवर हसत होते, ती त्याने जाणूनबुजून केली होती.

"आणि मघाशी? आई मला नको म्हणत होती तेव्हा?"

"भ्यालो," तो म्हणाला.

लंकाबाई पदराने डोळे पुसत सांगायला लागल्या, पाच वर्षांचा असल्यापासून झाकलंय, पोराला पोरगी कोण देईल. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण संतापही आला. म्हटलं, मावशी, दम्याबरोबर मी आयुष्य काढीन, या कडीबरोबर नाही काढू शकत. पर्स उचलली. डोळ्यांत पाणी इतकं, की चप्पल दिसेना.

तेवढ्यात अंगणातला धुमसता तवा बघून शेजारच्या कडूबाई आल्या. काय झालं, विचारायला लागल्या. लंकाबाई घाईघाईने म्हणाल्या, काही नाही, ठसका लागला.

दानीएल चौकटीला धरून उठला.

"ठसका न्हाई, मावशी. दमा हाय मला. ल्हानपनापासून. आन् मला हिच्यासंगं लगीन करायचंय... ती हो म्हनली तर."

कडूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आधी कशाचा धक्का घ्यावा, तेच त्यांना कळेना. लंकाबाई मटकन खाली बसल्या. आणि मी? मला तर त्याने विचारलंही नव्हतं अजून! पण तो कडूबाईंकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, पुन्हा थोडी धाप लागलेली, पुढे काहीतरी सांगायचं होतं, जमत नव्हतं.

मी पर्स खाली ठेवली. त्याला हाताला धरून उंबऱ्यात बसवलं, आणि सगळ्यांच्या देखत शेजारी बसले.

"हो," मी म्हणाले. "आता बोलू नकोस. जरा दम खा."