तीन बोटांचा पाव

"धरा घट्ट! नदी आली!" ड्रायव्हर ओरडला आणि पिकअप ओल्या वाळूवरून थेट पाण्यात घुसला.

मागे सिमेंटच्या गोण्यांवर बसलेला डेल्मर हातभर उडाला. "ओनिल! हाच का तुझा स्वस्तातला रस्ता? माझं बुड तिकडे तोकोआ शहरातच राहिलं!"

"मग विमानाने जायचं होतंस!" त्याचा मावसभाऊ ओनिल हसला. तो तिघांत मोठा, चौदा वर्षांचा. "तुझ्या आईला सांग, न्यूयॉर्कहून एखादं पाठव म्हणावं!"

डेल्मरची बहीण यारिसा हसली नाही. आई न्यूयॉर्कला परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायची. तिला रजा मिळाली नव्हती. मावशीलाही नाही. म्हणून ही तिघंच निघाली होती, आजोळी, कोकालितोला.

आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्या पहाटे तिचं न्हाणं होतं. मागच्या अंगणात खड्डा खणायचा आणि घरच्या प्रत्येकाने गेलेल्या माणसासाठी त्यात भांडंभर पाणी ओतायचं. कोकालितोला घरचं माणूस आता एकच उरलं होतं, आजोबा. मुलं आज पोहोचली नाहीत, तर त्यांना एकट्यानेच पाणी ओतावं लागणार होतं.

दुपार टळल्यावर पिकअप खाडीच्या धक्क्यावर थांबला. पुढचा रस्ता पाण्याचा. पण कोकालितोला नेणारी चेपेमामाची रोजची लाँच कुठेच दिसत नव्हती!

धक्क्यावर खुर्ची टाकून दुसरा लाँचवाला, तिबुर्सिओ, पाव खात बसला होता. "चेपेचं इंजिन कालपासून बंद आहे," तो म्हणाला. "आज कोकालितोहून चिटपाखरू आलेलं नाही. माझी खास लाँच आहे, भाडं तिप्पट. नाहीतर रात्री निजायला माझ्या शेडमध्ये झोळ्या टांगा. उद्याचं उद्या बघू."

"लुटारू मेला!" कोंबडीच्या पिल्लांचं खोकं सांभाळत पिकअपमधून आलेल्या क्लोतिल्देमावशी पुटपुटल्या. तरी त्यांनी पदरच्या लेंपिरांच्या नोटा काढून दिल्याच. बाकीच्या प्रवाशांनीही पैसे दिले. मुलांकडे मात्र साध्या लाँचपुरतेच पैसे होते.

"संपलं," ओनिल म्हणाला. "झोळी टांगू या."

यारिसाचं लक्ष तिबुर्सिओच्या हातातल्या पावाकडे गेलं. नारळाच्या दुधाचा पाव. त्यावर ओळीने तीन खळगे. तीन बोटांचे!

ही आजीची खूण होती! भट्टीत घालण्याआधी आजी प्रत्येक पावावर अशी तीन बोटं दाबायची. दुसरं कोणीच तसं करत नसे.

"काका, हा पाव कुठला हो?"

"हा? तोकोआचा. सकाळी मागवला." तिबुर्सिओने पाव मोडला. आतून वाफ आली!

यारिसाने दोघांना शेडमागे ओढलं. "तोकोआहून यायला आपल्याला अर्धा दिवस लागला. मग पाव गरम कसा? आणि त्यावर आजीची बोटं आहेत!"

डेल्मरचे डोळे विस्फारले. "म्हणजे आजी...?"

"वेड्या, आजी नाही येत," यारिसा हळूच म्हणाली. "बोटं कुणाची ते मला माहीत नाही. पण पाव कोकालितोचाच आहे, आणि तो पोहत आलेला नाही!"

"म्हणजे चेपेमामा आज येऊन गेला!" ओनिलने चुटकी वाजवली. "परत जाण्याआधी तो पलीकडच्या दुकानात पेट्रोल भरतो. नेहमीच!"

"आणि गावाकडे जाताना त्याला वाळूच्या दांड्याजवळूनच जावं लागतं. बाकी सगळा चिखल आहे. आपण तिथं जाऊन उभं राहू!" यारिसा म्हणाली.

"आणि मी?" डेल्मरने विचारलं.

"तू तिबुर्सिओला बोलण्यात गुंतव, आम्ही त्याला दिसायला नको. जन्मापासून तुला तेवढंच तर येतं!"

डेल्मर ऐटीत पुढे गेला. "काका, तुमची लाँच म्हणे शार्कपेक्षा जोरात पळते?"

"शार्क?" तिबुर्सिओ खुर्चीत ताठ बसला. "अरे, एकदा काय झालं..."

तोवर यारिसा आणि ओनिल खारफुटीतून पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. पायाखाली चिखल सरकत होता. कसेबसे ते दांड्यावर चढले.

तिथं कोणीच नव्हतं. एक पाणकोळी पंख वाळवत बसला होता, तोही उडून गेला. धक्क्यावरचे आवाज इथवर पोहोचत नव्हते. आजोबा वर्षभर असेच राहिले असतील का, यारिसाच्या मनात आलं. हाक मारायची तर कुणाला?

"आला!" ओनिल ओरडला.

दूरवर इंजिनाची घरघर! यारिसाने डोक्याचा पिवळा रुमाल सोडला आणि जिवाच्या आकांताने हलवला. लाँच वळली.

"अरे देवा! तुम्ही?" चेपेमामा उभाच राहिला. "तो तिबुर्सिओ म्हणाला, पिकअप नदीत रुतलाय, आज कोणी येत नाही! मी रिकामाच निघालो होतो. तुमचा पाव तरी दिला ना त्याने?"

"आमचा पाव?"

"आजोबांनी पाठवलेला! मुलं भुकेली असतील म्हणाले. रुतलेल्या पिकअपकडे पोहोचवतो म्हणाला, म्हणून त्याच्या हातात दिला."

"पोहोचवला की," ओनिल म्हणाला. "स्वतःच्या पोटात!"

लाँच धक्क्याला लागली तेव्हा तिबुर्सिओ अजून शार्कची गोष्ट सांगत होता. चेपेमामाला पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मिशीत पावाचा चुरा तसाच होता.

"काढ पैसे!" क्लोतिल्देमावशी गरजल्या. "आणि यापुढे झोळ्या टांगायला खेकडे बोलाव! एवढी मोठी माणसं आम्ही, गुपचूप पैसे मोजून मोकळी झालो. या लेकरांनी डोळे उघडे ठेवले!"

ऊन कलताना कोकालितो दिसलं. धक्क्याच्या टोकाला आजोबा एकटेच उभे होते. तिघांनी त्यांना घट्ट मिठी मारली.

मग चेपेमामाने सगळी हकिगत सांगितली. आजोबांनी यारिसाच्या डोक्यावर हात ठेवला. "आजीची नजर आली गं तुझ्यात. तिच्या नजरेतूनही काही सुटायचं नाही. आणि तुम्ही दोघं? शाबास रे, वाघांनो!"

"आजोबा, पाव तुम्ही केला होता?" डेल्मरने विचारलं.

"पहिल्यांदाच. दुपारी केला, शेवटच्या खेपेला दिला. पाव तुमच्या हाती पडला असता, तर घरी कोणी वाट पाहतंय असं वाटलं असतं. सगळा खाल्ला त्याने?"

"जवळजवळ सगळा!"

"मग शिक्षा झालीच त्याला. मीठ घालायला विसरलो होतो."

मुलं खो खो हसली. आजोबाही हसले आणि मुलांना घेऊन घरी आले.

चुलीपाशी परातीत उद्यासाठी कणीक मळून ठेवली होती. आजोबांनी एक गोळा यारिसापुढे सरकवला. "तू दाब. माझी बोटं फार जाड आहेत. खूण जमत नाही तिच्यासारखी."

यारिसाने तीन बोटं टेकवली आणि हळूच दाबली.

आजोबा वाकून त्या खळग्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हं. तिची खूण एवढीच होती."